फाकामिले कण्हत नाही

"जी बाई पोट धरून बसते आणि एकदासुद्धा कण्हत नाही, तिच्या पोटात दुखतं तरी कसलं?" दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर ऐसपैस बसत माम्बाथाने शेजारणीला विचारलं. "तू सांग माशेझी, तुला दुखलं की तू काय करतेस?"

"मी? मी अख्खा डोंगर उठवते."

"हां! माणसानं असंच करावं. म्हणजे घरच्यांना कळतं, आज चूल कुणी पेटवायची. आणि ही बघ. विचारलं, दुखतंय का गं? तर म्हणते, थोडंसं. थोडंसं म्हणजे केवढं? उंदराएवढं की बैलाएवढं? हे काय वागणं झालं? मी काय पोटात शिरून बघू?"

ज्या सुनेबद्दल हे चाललं होतं ती, फाकामिले, चार हातांवर पायरीपाशी सतरंजीची घडी टाकून बसली होती. पाय एका बाजूला दुमडलेले, खांद्यांवर शाल, डोक्याचं फडकं भुवयांपर्यंत ओढलेलं, नजर स्वतःच्या अंगठ्यावर. सगळं तिला ऐकू येत होतं. माम्बाथा हळू बोलणाऱ्यांतली नव्हतीच.

माशेझी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली होती. ती गालातल्या गालात हसली. "तुझ्याच घरचं वळण की हे. तुझ्या अंगणात कोंबडीसुद्धा दबक्या आवाजात अंडं घालते."

माम्बाथाला हे बोलणं लागायला हवं होतं, पण ती उलट फुलली. वळणाचा तिला अभिमानच होता. तिच्या दोन सुना टिकल्या नाहीत. एक नवऱ्याला घेऊन शहरात गेली, ती लग्नकार्यालासुद्धा फिरकत नाही. दुसरीने जाताना फाटकात उभं राहून असं काही सुनावलं होतं की खालच्या ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत राहिल्या. तिसरी ही. धाकट्या वेलाफीची. वेलाफी जोहान्सबर्गला ट्रक चालवायचा आणि नाताळात घरी यायचा. बाकीचं वर्ष घरात या दोघीच, आणि फाकामिलेच्या शाळेत जाणाऱ्या मुली. सासरच्या मोठ्या माणसाच्या तोंडाकडे सुनेने बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बहुतेक पोरी पहिलं मूल झालं की ती सैल सोडतात. फाकामिलेने मुली मोठ्या झाल्या तरी सोडली नाही. तिने सासूच्या चेहऱ्याकडे मान वर करून पाहिलं, असं डोंगरावर कुणी कधी पाहिलं नव्हतं. माम्बाथा पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "मुलगी असावी तर अशी."

आता त्याच मुलीने तोंड उघडावं म्हणून ती चिडली होती.

गेल्या हिवाळ्यात फाकामिलेच्या पोटात खडे निघाले. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेऊन पित्ताची पिशवीच काढून टाकली. घरी आली, टाके वाळले, पाण्याची बादली पुन्हा डोक्यावर घेतली, आणि मग दुखणं होतं त्याच जागी परत आलं. उजव्या फासळीखाली, तिथून पाठीत. जेवली की जास्त. माम्बाथाने आपल्या परीने सगळं केलं. रोज उजाडताच मुळी उकळलेलं कोमट पाणी तांब्या-तांब्याने पाजून घराच्या मागे ओकायला लावलं. पित्त पडलं की माणूस हलका होतो, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं.

"पण पिशवीच काढली ना?" माशेझीने विचारलं. "मग पित्त ओकवतेस कुठलं?"

"येतं ना पण! हिरवं-पिवळं येतं. नसतं तर आलं असतं का? ते डॉक्टर कापतात, विचार करत नाहीत."

तेवढ्यात सिस्टर न्झामाने दारातून हाक मारली आणि दोघी आत गेल्या. पुढे सासू, मागे सून.

डॉक्टर गव्हेंडर ही किनाऱ्याकडची, कोवळी पोरगी. केस रबराने बांधलेले, डोळ्यांखाली काळं. आमची भाषा तिला "बसा" आणि "तोंड उघडा" यापलीकडे फारशी येत नव्हती. बाकीचं सिस्टर न्झामा इकडून तिकडे करायची.

"कुठे दुखतं?" सिस्टरने विचारलं.

माम्बाथाने स्वतःच्या फासळीखाली हात ठेवला. "इथं. मग असं मागे जातं. मटण खाल्लं की फार."

"गोगो, सुनेला सांगू दे," सिस्टर म्हणाली. आजीच्या वयाच्या बाईला आमच्याकडे गोगो म्हणतात.

"सांग ना! तोंड शिवलंय का तुझं?"

"बरं आहे आता," फाकामिले फरशीला म्हणाली.

डॉक्टरने काहीतरी विचारलं. ते सांगताना सिस्टरचा आवाज एकदम खाली आला. लघवीचा रंग कसा आहे, आणि परसाकडचा?

सासू समोर खुर्चीवर, आणि सुनेने तिच्यादेखत असल्या गोष्टी बोलायच्या! माम्बाथाच गोरीमोरी झाली. "हे काय विचारणं झालं? चांगल्या घरची आहे ती."

"सगळं ठीक आहे," फाकामिले म्हणाली.

डॉक्टरने बॅटरी काढली. "वर बघा." फाकामिलेने हनुवटी उचलली, पण पापण्या खालीच. वर बघितलं तर थेट सासूच्या तोंडावर नजर जाणार. "लाजते ती," सिस्टर म्हणाली. खोलीतला दिवा जुना, पिवळट. डॉक्टरने बोटाने खालची पापणी ओढली, आतलं लाल बघितलं, मान डोलावली. बाहेर रांग भिंतीला वळसा घालून फाटकापर्यंत गेली होती.

मग तिने कागदावर चित्र काढून समजावलं. पित्त पिशवीत तयार होत नाही, यकृतात होतं. पिशवी नुसती साठवायची. आता ते सरळ नळीतून आतड्यात उतरतं.

"म्हणजे टाकी काढली आणि नळ तसाच ठेवला?" माम्बाथा म्हणाली.

सिस्टरने हे सांगितलं तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसली. हो, तसंच. पिशवी काढल्यावरही काहींचं पोट दुखत राहतं. कुणाला नुसता वारा धरतो. कुणाला टाक्याखालची शीर दुखते. कुणाच्या जठरात पित्त उलटं चढतं, आणि रोज ओकवता म्हणालात, ते आधी बंद करा. कुणाच्या नळीच्या तोंडाशी जे दार असतं ते आवळतं. कुणाचं दुखणं मुळात खड्यांचं नसतंच. आणि कधी कधी एखादा खडा नळीत मागे राहून जातो. रक्त घेऊ, शहरात पाठवू. पोटाचा फोटो काढणारा माणूस पुढच्या आठवड्यात येईल, तेव्हा या. त्याआधी ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर लगेच या.

घरी जाताना टॅक्सीत माम्बाथा सगळ्या उतारूंना ऐकवत होती. "एवढी कारणं सांगितली पोरीनं! बाजारात फडकी पसरून ठेवावीत तशी. घ्या, कुठलं पाहिजे ते घ्या. अगं, मला एक सांग, पण हिचं सांग!"

फाकामिले मागच्या बाकावर, खिडकीला कपाळ लावून. ड्रायव्हरने खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा तिने शालीचं टोक दातांत धरलं.

कारण माम्बाथाने स्वतःच शोधलं. ते तिला रस्त्यातच सुचलं आणि घरी पोचेपर्यंत पक्कं झालं. फाकामिले लग्न होऊन आली तेव्हा बोकड कापून त्याचं पित्त तिच्या हातापायांवर ओतलं होतं. त्या कडू वासावरून घरचे वाडवडील ओळखतात, ही आपली. आता हिचं स्वतःचं पित्त ठेवायची पिशवीच परक्या लोकांनी कापून कुठल्याशा बादलीत टाकली. मग घरच्या मेलेल्यांनी हिला ओळखायचं कसं? ते येत असणार, पोटाशी चाचपत असणार, सापडत नसणार. म्हणून दुखतंय.

तिने जोहान्सबर्गला फोन लावला.

"डॉक्टर काय म्हणाली, आई?" वेलाफीने विचारलं. मागे ट्रकचा आवाज.

"ती ढीगभर म्हणाली. मी एकच म्हणते. बोकड लागेल."

"मग ती फोटोची तारीख?"

"फोटो कुठं पळून जातोय? आधी घरचे, मग फोटो."

"तू बघ मग, आई. फाकाला दे ना जरा."

फाकामिलेने फोन घेतला, आणि सासू समोर होती म्हणून "हो", "नाही", "बरी आहे" एवढंच बोलून परत दिला.

शनिवारी माम्बाथाचा दीर म्बेकेनी आला. त्याने गोठ्याच्या दाराशी उभं राहून वाडवडिलांची नावं घेतली, एकेकाची वाखाणणी केली, आणि सुरी चालवली. बोकड मोठ्याने ओरडला. बाहेर बसलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या. ओरडला म्हणजे वरच्यांनी ऐकलं.

"बघ," माम्बाथा माशेझीच्या कानाला लागली. "जनावरालासुद्धा कळतं, कधी तोंड उघडायचं."

"त्याला सासू नसते," माशेझी म्हणाली.

मोठ्या गोल घरात फाकामिलेला चटईवर बसवलं होतं. अंग तिचं पहाटेपासून गरम होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. म्बेकेनीने बोकडाच्या पित्ताची ओली पिशवी आणून वहिनीच्या हातात दिली आणि तो रीतीप्रमाणे बाहेर जाऊन बसला. माम्बाथा सुनेसमोर वाकली. पायांच्या अंगठ्यांवर थेंब सोडले. तळहातांवर सोडले. तोंडाने पुटपुटत होती, "ही तुमची आहे. नीट बघा. वास घ्या. पिशवी गेली असली तरी बाई तीच आहे." मग कपाळावर सोडलं. थोडं जास्त सांडलं. ओघळ भुवईवरून डोळ्यात उतरला.

फाकामिलेने दचकून तोंड वर केलं आणि डोळे उघडले.

दार पूर्वेला होतं. सकाळचं सगळं ऊन आत येत होतं. माम्बाथाने सुनेचे डोळे पाहिले. पित्त गेलंय डोळ्यात म्हणून तिने आपल्या शालीच्या टोकाने पुसलं. पुन्हा पुसलं. पिवळं जाईना. तिने दुसरा डोळा बघितला. त्यात तर थेंब गेलाच नव्हता. तोही तसाच, पिकलेल्या पेरूच्या सालीसारखा.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

पापण्या पुन्हा खाली गेल्या होत्या. "काय, आई?"

"डोळे! लघवी कशी होते तुला? बोल. मी विचारतेय."

चटईच्या विणीला सांगावं तसं फाकामिले म्हणाली, "काळ्या चहासारखी."

"आणि दुसरं?"

"राखेसारखं. पांढरं. अंगाला खाज सुटते."

"आणि त्या दिवशी डॉक्टरला काय सांगितलंस? सगळं ठीक?"

"तुम्ही होता ना तिथं, आई."

बाहेर पुरुष मटणाची वाट बघत हसत-खिदळत होते. माम्बाथाने हातातलं पित्त खाली ठेवलं. सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्याखालचं अंग तापलेलं होतं आणि हुडहुडी भरल्यासारखं थरथरत होतं.

माशेझीच्या मुलाच्या गाडीतून तिला खाली दवाखान्यात आणलं. डॉक्टर गव्हेंडर होती. तिने फाकामिलेला दारातल्या उजेडात बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. शहरातून रक्ताचा कागद आलेला नव्हता. आता त्याची गरजही नव्हती. सिस्टर न्झामाने सांगितलं, "नळीत खडा अडकलाय, गोगो. वरती पित्त तुंबलंय आणि नासायला लागलंय. ते रक्तात चाललंय. तोंडातून एक नळी घालून तो खडा ओढून काढावा लागतो."

"मग काढा."

"इथं नाही होत. शहरात होतं."

"मग इथंच पोटावर चिरा द्या. कापायला येतं ना हिला?"

डॉक्टरला हे कळलं. ती थेट माम्बाथाकडे बघून, मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत म्हणाली, "मी कापलं, तर ती जाईल."

हाताला सुई लावली, बाटली टांगली, औषधं सोडली. आणि डॉक्टर फोनला चिकटली. शहरात खाट नव्हती. त्यांच्या यादीत पुढे आणखी माणसं होती. इथली रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन डोंगरापलीकडे गेली होती. एका जागी सांगितलं, दुसरीकडे विचारा. दुसरीकडे म्हणाले, थांबा, विचारून सांगतो.

माम्बाथा अशा जागी कधी गप्प बसली नव्हती. चराईच्या भांडणात तिने मुखियाच्या कारभाऱ्याला भर सभेत माफी मागायला लावली होती. पेन्शनच्या रांगेत शिपाई तिला बघून खुर्ची आणायचा. तिने सिस्टरला झापलं, वॉर्डबॉयला झापलं, मग डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. पण ती पोरगी खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून, एका हाताने लिहीत, दुसऱ्याने डोळे पुसत होती. तिला काय बोलणार?

"दे इकडे," माम्बाथा म्हणाली आणि तिने फोन घेतला. "ऐक रे बाबा, तू जो कोण असशील तो. माझी सून इथं पडलीये. चांगली बाई आहे. दोन मुली आहेत तिला. उगाच कुणाकडे काही मागणारी नाही. तिला जागा दे."

तिकडून गाणं वाजत होतं. तिने फोन कानाला घट्ट धरला. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं.

"कुणी बोलत नाहीये," ती सिस्टरला म्हणाली. "नुसता बाजा वाजवतायत. लग्न आहे का तिथं?"

"वाट बघायला लावतात तेव्हा वाजतं ते, गोगो."

ती तरी ऐकत राहिली. मध्येच कुणी बोललं तर आपण तयार असावं म्हणून. शेवटी डॉक्टरने हळूच तिच्या हातातून फोन सोडवून घेतला.

वेलाफीला निरोप गेला होता. तो निघाला होता, पण जोहान्सबर्ग काही फाटकाबाहेर नाही.

फाकामिले व्हरांड्यात चाकांच्या खाटेवर होती, रुग्णवाहिका आलीच तर चटकन चढवता यावी म्हणून. अंगावर सरकारी चादर. दुखणं यायचं तेव्हा खाटेच्या दांडीवरची तिची बोटं पांढरी पडायची, पायांची बोटं आत वळायची, खालच्या ओठावर दातांची खूण उमटायची. आवाज नाही. लाट ओसरली की ती चाचपत राहायची. माम्बाथाला आधी कळेना ती काय शोधतेय. मग कळलं. डोक्याचं फडकं कुठेतरी पडलं होतं. सासूसमोर डोकं उघडं होतं. आणि सरळ पसरलेले पाय ती पुन्हा पुन्हा जवळ ओढू बघत होती, कारण ते सासूच्या दिशेला होते.

"ओरडलीस तरी चालेल गं इथं," सिस्टर न्झामा तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत म्हणाली. "सगळे ओरडतात. मोकळं वाटतं."

फाकामिलेची नजर सासू उभी होती तिकडे वळली, तिच्या छातीपर्यंत आली, आणि तिथून खाली फरशीवर गेली.

माम्बाथाने हातात चुंबळीसारखी गुंडाळून धरलेली शाल सोडली. एका हाताने भिंत धरली, दुसऱ्याने खाटेचा दांडा. तिच्या गुडघ्यांना हे आवडत नसे. तरी ती हळूहळू खाली बसली, आणखी खाली, फरशीवर टेकली. सिस्टर म्हणाली, "गोगो, खुर्ची आणते." तिने हाताने नको म्हटलं. सुनेची नजर खाटेच्या कडेवरून जिथे खाली उतरत होती, बरोबर तिथे आता म्हातारीचं तोंड होतं. फाकामिलेला दुसरीकडे बघायला जागा उरली नाही. पिवळे डोळे सासूच्या डोळ्यांवर आले आणि तिथेच राहिले. कुठेतरी मागे डॉक्टर फोनवर तेच तेच पुन्हा सांगत होती. पुढची लाट येत होती. दांडीवरची बोटं आवळायला लागली होती.

"एवढी मर्यादा माझी जन्मात कुणी ठेवली नाही, पोरी," माम्बाथा म्हणाली. "फार वाईट वागलीस तू माझ्याशी. बोंबल आता. मी इथंच बसलेय. बोंबल."